एक गोळी, चार औषधं आणि प्रकाशाचं गणित

क्षयरोगाच्या प्रौढ रुग्णाला सरकारी दवाखान्यातून जी गोळी मिळते, तिच्यात चार औषधं असतात: रिफाम्पिसिन १५० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथाम्ब्युटॉल २७५. २०१७ पासून देशभर रोजच्या उपचारात याच एकत्रित गोळ्या रुग्णाच्या वजनाप्रमाणे दिल्या जातात. यातलं एखादं औषध कमी भरलं गेलं, किंवा नीट भरूनही गोदामात बिघडलं, तर रुग्णाला कळायला काही मार्ग नसतो. कळतं ते महिन्यांनंतर, थुंकीच्या तपासणीत. म्हणून गोळीत कोणतं औषध किती आहे हे मोजणं प्रयोगशाळेतलं रुटीन काम असलं, तरी त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

मोजण्याचे मुख्य रस्ते दोन. गोळी विरघळवायची, द्रावणातून अतिनील प्रकाश सोडायचा, दोन-तीन तरंगलांब्यांना किती प्रकाश शोषला गेला ते पाहायचं आणि गणित करून प्रत्येक औषधाचा हिस्सा काढायचा. हा यूव्हीचा रस्ता. दुसरा एचपीएलसीचा: द्रावण एका बारीक कॉलममधून दाबाने ढकलायचं, औषधं एकामागोमाग एक सुटी होऊन बाहेर येतात, मग प्रत्येकाला वेगळं मोजायचं. कोणता रस्ता धरावा, यावर फार्मसी कॉलेजांत आणि कारखान्यांत जे वाद होतात, ते मी खूप ऐकले आहेत. त्यातूनच इथे दोन माणसं उभी केली आहेत. एक सर, आयुष्यभर औषधविश्लेषण शिकवलेले. दुसरी त्यांचीच विद्यार्थिनी, आता गोव्यातल्या एका कारखान्यात क्यूसी सांभाळते.

सर: तुझा स्वतःचा एम.फार्मचा प्रबंध यूव्हीवर होता. आणि आता तूच म्हणतेस, हे विषय पोरांना देणं थांबवा?

ती: हो सर. कारण काय चाललंय ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. बाजारात नवं कॉम्बिनेशन आलं की दोन औषधांचे लॅम्बडा मॅक्स, म्हणजे सर्वाधिक शोषणाच्या तरंगलांब्या, काढायचे, समीकरण सोडवायचं, रिकव्हरी नव्याण्णव पूर्णांक काहीतरी दाखवायची, पेपर छापायचा. निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉलच्या विरघळणाऱ्या गोळीवर २०२३ मध्ये बंदी आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी १५६ कॉम्बिनेशन्स गेली, त्यात ५० मिलिग्रॅम असिक्लोफेनॅक आणि १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा होती. मुळात ही दोन औषधं एकत्र का आहेत, हा प्रश्न त्या प्रबंधांत कुणी विचारला होता का?

सर: तो प्रश्न औषधशास्त्राचा झाला. मोजणाऱ्याचं काम वेगळं आहे. बी.फार्मच्या सातव्या सेमिस्टरला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र मोजायचं प्रॅक्टिकल आहे. ते करताना मुलाला पहिल्यांदा उमगतं की एका द्रावणात दोन औषधं असली, तरी प्रत्येकाचं शोषण स्वतंत्र राहतं आणि यंत्राला दिसते ती त्यांची बेरीज. एका तरंगलांबीला एक समीकरण मिळतं. अज्ञात दोन, म्हणून तरंगलांब्या दोन. हे फळ्यावर दहा वेळा सांगून समजत नाही. स्वतः वीस गोळ्या तोलून, खलात वाटून, सॉनिकेटरला लावून, व्हॉटमन ४१ मधून गाळून, पहिले काही मिली टाकून देऊन, क्वार्ट्झची क्युवेट खरखरीत बाजूंनी धरून ठेवली की समजतं. आणि शेवटी जे उत्तर येतं ते गोळीच्या पाकिटावर छापलेल्या आकड्याशी जुळतं, तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघ.

ती: बघितलाय सर. माझाच होता तो.

सरांचा हा मुद्दा मला हलका वाटत नाही. या बेरजेला फार जुना आणि भक्कम पाया आहे. पारदर्शक पदार्थातून जाताना प्रकाश कसा क्षीण होतो हे बूगेरने १७२९ मध्ये मांडलं, लॅम्बर्टने १७६० मध्ये त्याला गणिताचं रूप दिलं, आणि १८५२ मध्ये बिअरने त्यात द्रावणाच्या तीव्रतेची बाजू जोडली. दोन तरंगलांब्यांवरून दोन पदार्थ मोजायची युक्ती १८७३ ची. ती कार्ल फॉन फिअरोर्ट यांची. आजही पुस्तकांत ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हे गृहस्थ औषधवाले नव्हते, जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. सरांचं बोलणं पुढे तिकडेच गेलं.

सर: कोविडात घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावत होते ना? त्याच्या मुळाशी तीच कल्पना आहे. ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश आणि ९४० चा अवरक्त. अज्ञात दोन: ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागींनी त्यात नाडीच्या ठोक्याची जोड दिली. कॉलम नाही, सॉल्व्हंट नाही, रक्त काढायला नको. त्या यंत्रावर लोकांनी जीव सोपवला. मग गोळीच्या बाबतीत तुला त्याच तत्त्वाचा भरवसा का वाटत नाही?

ती: तुम्हीच ऑक्सिमीटर काढलात म्हणून विचारते. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू आहे, माणूस कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध पडलाय. त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर किती दाखवेल?

सर: (जरा थांबून) चांगलंच दाखवेल. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

ती: कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशाला जवळपास ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. यंत्राने मानलंय की आत दोनच जण आहेत. तिसरा आला तरी ते त्याला या दोघांतच वाटून टाकतं, आणि आकडा अगदी निर्धास्त देतं. माझी तक्रार एवढीच आहे सर. दोन समीकरणं, दोन अज्ञात: त्याला उत्तर येतंच. काहीही ओतलं तरी येतं. ती समीकरणं कधी कुरकुर करत नाहीत.

सर: पण गोळीत तिसरा येणार कुठून? स्टार्च, लॅक्टोज, मॅग्नेशियम स्टिअरेट, यातलं कुणी त्या पट्ट्यात प्रकाश शोषत नाही. गाळणी नीट झाली की गढूळपणाही जातो. आपण प्लॅसिबो घेऊन तपासतो की.

ती: ताज्या गोळीत नाही येणार. पण मी ज्या गोळ्या बघते त्या ताज्याच असतील असं नाही. चाळीस अंश तापमान आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेच्या चेंबरमधून सहा महिन्यांनी बाहेर काढलेल्या असतात. त्यात तिसरा, चौथा, पाचवा असू शकतो. तुमचीच चार औषधांची गोळी घ्या. रिफाम्पिसिन लालसर नारिंगी आहे, ४७५ नॅनोमीटरला शोषतं. तिथे बाकी तिघांपैकी कुणीच नसतं.

सर: म्हणून तर ते सगळ्यात सोपं. ४७५ ला रिफाम्पिसिन एकटंच.

ती: एकटंच असायला हवं. आम्लात रिफाम्पिसिन तुटतं आणि ३-फॉर्मिल रिफामायसिन बनतं. शेजारी आयसोनियाझिड असलं तर ते या तुकड्याशी जोडलं जातं, हायड्राझोन तयार होतं, आणि रिफाम्पिसिन आणखी वेगाने संपत जातं. ते हायड्राझोन आम्लात पुन्हा फुटतं, आयसोनियाझिड जवळजवळ जसंच्या तसं परत मिळतं. म्हणजे नुकसान मुख्यतः रिफाम्पिसिनचं. आणि रंग? रंगाचा सांगाडा त्या तुकड्यातही शाबूत असतो. ४७५ ला तोही शोषतो. औषध गेलं, रंग राहिला. क्युवेट नारिंगीच दिसते, आकडा बरोबर येतो आणि गोळी पास होते.

हे तिने रचलेलं उदाहरण नाही. एकत्रित गोळीतून रिफाम्पिसिन रक्तात पुरेसं पोहोचत नाही, ही काळजी जुनी आहे. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि क्षयरोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघ यांनी संयुक्तपणे सांगितलं होतं की ज्यांची जैवउपलब्धता सिद्ध झाली आहे अशाच एकत्रित गोळ्या वापराव्यात. जठरासारख्या आम्लात रिफाम्पिसिनचं काय होतं, आयसोनियाझिडमुळे त्यात काय भर पडते, याचं महत्त्वाचं काम आपल्याकडेच झालं: अहमदाबादला सी. जे. शिशू यांच्या गटाने, आणि मोहालीच्या नायपरमध्ये सरनजित सिंग यांच्या गटाने. इथपर्यंत माझं मन पूर्णपणे तिच्या बाजूला होतं. पण सरांनी पुढे जे सांगितलं त्याने मला थांबवलं.

सर: शिशूंचा तो १९९९ चा पेपर वाचलायस ना? त्यांनी आम्लात बनलेलं फॉर्मिल रिफामायसिन कशाने मोजलं?

ती: एचपीएलसी होतं की त्यात.

सर: होतं. पण त्याच्या जोडीला दोन तरंगलांब्यांची पद्धतही होती. एकाच तरंगलांबीला जो दिसत नव्हता, तो दुसरी जोडल्यावर वेगळा काढता आला. म्हणजे दोष प्रकाशाचा नव्हता, कमी विचारण्याचा होता. तू म्हणतेस समीकरणं कुरकुर करत नाहीत. बरोबर आहे. दोन अज्ञातांना दोनच तरंगलांब्या घेतल्या तर ती गप्प बसतात. तिसरी घे. पहिल्या दोघींवरून जे उत्तर निघालं, त्यावरून तिसऱ्या जागी शोषण किती यायला हवं ते काढता येतं. प्रत्यक्षात वेगळं आलं, तर आत कुणीतरी आहे.

ती: म्हणजे पूर्ण स्पेक्ट्रम घ्यायचा.

सर: का नाही घ्यायचा? आपल्या यंत्राला २०० ते ४०० नॅनोमीटर स्कॅन करायला मिनिटभर लागतं. शेकडो बिंदू मिळतात, आणि आपण त्यातले दोन ठेवून बाकीचे फेकून देतो! सगळे वापर. दोन शुद्ध औषधांचे स्पेक्ट्रम योग्य प्रमाणात मिसळून गोळीच्या स्पेक्ट्रमवर बसव, आणि जे उरेल ते बघ. उरलेल्यात नुसती खरखर असेल तर ठीक. त्यात उंचवटा दिसला तर गोळी बिघडली आहे. कार्बन मोनॉक्साइडसाठी दवाखान्यात जे को-ऑक्सिमीटर असतं, तेही दुसरं काय करतं? तरंगलांब्या वाढवतं.

ती: हे मान्य. पण बिघडलेल्या तुकड्याचा स्पेक्ट्रम मूळ औषधासारखाच असेल तर उरण्यासारखं काही उरणार नाही. आणि तिसरा पाहुणा दिसायलासुद्धा काही किमान मात्रा हवी. माझ्याकडे अर्धा टक्का अशुद्धीवर बॅच अडते सर. तुमच्या उरलेल्या स्पेक्ट्रममध्ये अर्धा टक्का दिसेल?

सर: नाही दिसणार.

ती: आणि छोट्या मात्रेचं काय? पॅरासिटामॉल ५००, सोबत पाच मिलिग्रॅम लिव्होसेटिरिझिन. सर्दीसाठी अशा गोळ्या निघाल्या आहेत. इथे कागदावर करून दाखवते.

तिने मांडलेलं गणित असं. समजा मोठ्या औषधाचं शोषण दर मायक्रोग्रॅमला पहिल्या तरंगलांबीवर ०.०८ आणि दुसरीवर ०.०३, छोट्याचं अनुक्रमे ०.०२ आणि ०.०६. म्हणजे निवड चांगली आहे, दोघं आपापल्या जागी ठळक आहेत. आता द्रावणात मोठं औषध दर मिलीला १० मायक्रोग्रॅम आणि छोटं ०.१. यंत्रावर यायला हवेत ०.८०२ आणि ०.३०६. समीकरण सोडवलं की छोट्याचं उत्तर नेमकं ०.१ येतं. पण दुसरा आकडा ०.३०६ ऐवजी ०.३०८ आला तर? फक्त ०.००२ चा फरक. क्युवेटवर राहिलेल्या बोटाच्या ठशानेही पडेल इतका. उत्तर येतं ०.१३८. छोटं औषध अडतीस टक्क्यांनी फुगलं! मोठ्या औषधात मात्र अर्धा टक्कासुद्धा हलत नाही. हे गणित तुम्ही स्वतः करून बघावं असं मला वाटतं, कारण पेपरांतल्या गुळगुळीत तक्त्यांत ते दिसत नाही.

सर: म्हणूनच स्टँडर्ड अ‍ॅडिशन आहे. छोट्या औषधाची ठरावीक मात्रा वरून घालायची, म्हणजे ते मोजण्याच्या टप्प्यात येतं.

ती: सर, मग आपण घातलेलंच आपण मोजतो. दहा भाग वरून घातले आणि मूळचा एक भाग त्यातून वजा करून काढला, तर चूक कुठे गेली? तिथेच राहिली, फक्त टक्केवारी देखणी झाली. रिकव्हरीच्या ८०, १००, १२० टक्क्यांचं तसंच. शुद्ध औषध शुद्ध औषधात मिसळलं की ते परत मिळणारच. त्याने पद्धतीची अचूकता कळते, पण ओळखण्याची ताकद कळत नाही. आयसीएचच्या क्यू२ या मार्गदर्शक सूचनेत स्पेसिफिसिटी मागितली आहे ती यासाठी. पोरांनी आम्ल, अल्कली, पेरॉक्साइड, उष्णता आणि उजेड या पाचही ठिकाणी गोळी मुद्दाम बिघडवून मग पद्धत तपासावी. त्यात टिकली तर मी स्वतः वापरीन.

सर: वापरतेसच की. गोळी किती वेगाने विरघळते ते बघायला, डिझोल्यूशनला, काय लावतेस?

ती: (हसून) यूव्ही. एकच औषध असलं की यूव्हीच. सहा भांडी, प्रत्येकातून पाच-सहा वेळा नमुना. प्रत्येकाला दहा मिनिटांचं इंजेक्शन दिलं तर रात्र संपेल.

सर: आणि पॅरासिटामॉलच्या साध्या गोळीचा अ‍ॅसे?

ती: क्षारीय द्रावणात २५७ नॅनोमीटरला. तिथल्या विशिष्ट शोषणाचा ७१५ हा आकडा झोपेत विचारला तरी सांगेन.

सर: मग वाद यूव्ही चांगलं की वाईट असा नाहीच. तुझ्या एचपीएलसीच्या टोकालाही डिटेक्टर यूव्हीचाच बसवलेला असतो. मोजतो प्रकाशच. प्रश्न फक्त औषधं वेगळी कुणी करायची हा आहे. तुझ्याकडे कॉलम करतो, माझ्याकडे गणित.

ती: कॉलम करतो तेव्हा जो वेगळा झाला तो वेगळ्या वेळेला, वेगळ्या शिखराच्या रूपात समोर येतो. अनोळखी असला तरी येतो. गणिताला मात्र आत कोण कोण आहे हे आधी सांगावं लागतं.

हे तिचं वाक्य मला या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॉलमही सगळं वेगळं करतो असं नाही. दोन पदार्थ एकाच वेळी बाहेर पडू शकतात, आणि तिथेही शिखर शुद्ध आहे का ते पाहायला डायोड अ‍ॅरे लावून पूर्ण स्पेक्ट्रमच बघावा लागतो. पण अनोळखी पाहुण्याला दार उघडं ठेवणारी पद्धत आणि त्याला घरच्यांत मिसळून टाकणारी पद्धत, यांत जबाबदारीचा फरक आहे. गोळीत दिलेल्या वजनाची औषधं आहेत का, हा प्रश्न प्रकाश आणि गणित मिळून उत्तम सोडवतात, आणि फार स्वस्तात. आहेत ती अजून औषधंच आहेत का, हा प्रश्न फक्त त्यांच्यावर टाकू नये. तरीही सरांचा पुढचा मुद्दा मी डावलणार नाही, कारण तो कारखान्यातल्या माणसाला सहसा सुचत नाही.

सर: तुझ्याकडे एचपीएलसी किती?

ती: हॉलभर.

सर: जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात एक असतं, आणि त्याचा पंप किंवा दिवा गेला की महिनोन्‌महिने झाकून ठेवलेलं असतं. मिनिटाला एक मिली मोबाइल फेज. दहा मिनिटांची साठ इंजेक्शन्स म्हणजे सहाशे मिली, त्यात निम्मं अ‍ॅसिटोनायट्राइल. ते विकत घ्यायचं, मग त्याची विल्हेवाट लावायची. २००८-०९ मध्ये जगभर अ‍ॅसिटोनायट्राइलचा तुटवडा पडला होता, तेव्हा मोठमोठ्या कंपन्या हवालदिल झाल्या. यूव्हीला पाणी पुरतं. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांसाठी इंदूरच्या आर. के. माहेश्वरींनी युरिया, सोडियम बेन्झोएट असल्या साध्या पदार्थांच्या द्रावणांत काम करून दाखवलं. दर्जा तपासायची ताकद फक्त हॉलभर यंत्रं असलेल्यांच्या हातात राहिली, तर बाहेरच्या गोळ्या कोण बघणार?

ती: बघा, पण शिक्का मारू नका. यूव्हीवर संशय आला तर नमुना एचपीएलसीकडे पाठवा. औषध निरीक्षकाने घेतलेला नमुना कोर्टात उभा राहायचा असेल तर फार्माकोपियाची पद्धतच लागते, तिथे आपल्या समीकरणाला कुणी विचारत नाही. पण शंभर नमुन्यांतून पाच संशयित वेगळे काढायचे असतील, तर तुमचा पूर्ण स्पेक्ट्रम मला हवा आहे. दोन तरंगलांब्यांचा नको.

सर: मग पोरांना विषयही तसाच देतो. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंशांवर, पंचेचाळीस मिनिटं. अर्ध्या मुलांना फक्त ४७५ चा आकडा घ्यायला सांगतो, अर्ध्यांना पूर्ण स्पेक्ट्रम. दोन्ही गटांची उत्तरं एकाच फळ्यावर लिहायची.

ती: आणि त्याच फ्लास्कमधून मला नमुना पाठवा. बर्फात, कारण वाटेत तुटणं चालूच राहील. नाही, पाठवू नका, मीच पोरांना दोन दिवस प्लँटवर बोलावते. तिथेच करतील.

सर: पायराझिनामाइड पण घालायचं का त्यात? त्याचं शिखर २६८ ला, आयसोनियाझिडचं २६३ च्या आसपास. एकमेकांवर बसलेली आहेत, आणि एक चारशे मिलिग्रॅम, दुसरं पंचाहत्तर. डेरिव्हेटिव्ह घेऊन पाहता येईल.

ती: पहिल्या वर्षी नको. आधी दोघांचं नीट होऊ दे.

सर: आणि इथाम्ब्युटॉल?

ती: त्याच्यावर तर तुमचा प्रकाश पडतच नाही. या पट्ट्यात शोषणारा भागच नाही त्याच्या रेणूत. २७५ मिलिग्रॅम औषध क्युवेटमध्ये असून नसल्यासारखं.

सर: कॉपर सल्फेट घातलं की निळं होतं.

ती: पण वेगळ्या फ्लास्कमध्ये. रिफाम्पिसिनचा नारिंगी आधी काढून टाकावा लागेल.

सर: क्लोरोफॉर्मने निघेल तो. इथाम्ब्युटॉल पाण्यात राहील. करून बघायला हवं.